‘हो, चालेल’ कुणी कशाला म्हटलं?

या महिन्याच्या टपालात चार पत्रं एकाच गोष्टीची निघाली. कामाच्या ठिकाणी चॅटवर झालेलं बोलणं तिथून बाहेर कसं काढायचं आणि काढल्यावर त्याचा उपयोग होतो का, असं चौघांनी विचारलंय. चौघांची नड वेगवेगळी आहे, म्हणून उत्तरंही वेगवेगळी देते. आकडेमोडीचं ज्यांना वावडं असेल त्यांनी पहिल्या उत्तरातला तो परिच्छेद खुशाल ओलांडावा.

प्रश्न: ताई, सप्रेम नमस्कार. आमची छोटी संस्था पेठ आणि सुरगाणा तालुक्यांत झऱ्यांचं आणि बंधाऱ्यांचं काम करते. २०१९ पासून आमचं सगळं बोलणं स्लॅक या कामाच्या चॅटच्या अ‍ॅपवर, फुकटच्या खात्यात. ऑगस्ट २०२२ मध्ये आमच्याकडे शिकायला आलेल्या एका मुलाने ‘हे कधीतरी दिसेनासं होईल’ म्हणून सगळं एक्स्पोर्ट करून पेन ड्राइव्हवर घालून दिलं होतं. तो ड्राइव्ह परवा उघडला. आत फोल्डरच फोल्डर, त्यांत तारखांच्या नावाच्या फायली, आणि फाइल उघडली की मराठीच्या जागी नुसत्या तिरक्या रेघा, यू आणि आकडे. मराठी खराब झालं का? कुठला झरा कुठल्या महिन्यात आटतो, कुठला बंधारा का फुटला, हे आम्हाला नव्या कार्यकर्त्यांसाठी एका वहीत आणायचं आहे. आणि २०२२ नंतरचं कसं काढायचं?
(एक कार्यकर्ती, नाशिक)

उत्तर: मराठी शाबूत आहे. पेन ड्राइव्हची आधी दुसरीकडे एक कॉपी करा, मग पुढचं वाचा.

स्लॅकमधून जे बाहेर येतं ती एक झिप फाइल असते आणि तिच्यातल्या फायली जेसन नावाच्या पद्धतीने लिहिलेल्या असतात. ही पद्धत माणसांसाठी नाहीच. एका प्रोग्रामने लिहायचं आणि दुसऱ्याने वाचायचं, एवढाच तिचा हेतू. म्हणून इंग्रजीबाहेरचं अक्षर आलं की त्याच्या जागी युनिकोडमधला, म्हणजे जगभरच्या लिप्यांच्या सामायिक यादीतला, त्याचा क्रमांक लिहून टाकतात. देवनागरीचे क्रमांक ०९०० पासून सुरू होतात. तुमचा ‘झरा’ आत ०९१डी, ०९३०, ०९३ई असा बसलाय: झ, र आणि काना. जुन्या श्रीलिपीतला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की जे कडबोळं दिसतं, तसं हे नाही. तिथे फॉन्ट गेला की अक्षर गेलं. इथे प्रत्येक अक्षराला स्वतःचा नंबर आहे, त्यामुळे कुठेही उघडा, झ हा झच निघतो.

खात्री करायची असेल तर फायरफॉक्स उघडा आणि त्यातली कुठलीही एक फाइल उचलून त्याच्या खिडकीत टाका. त्याला जेसन वाचता येतं. मराठी लगेच दिसेल. मात्र इंटरनेटवर ‘फाइल टाका, एक्सेल घ्या’ अशा ज्या फुकट साइट आहेत, त्यांच्यावर हे टाकू नका. त्या फायलींत तुमच्या माणसांच्या रजा, आजारपणं, गावकऱ्यांचे फोन नंबर, कोणत्या सरपंचाबद्दल कोण काय म्हणालं, हे सगळं आहे.

आता आतली मांडणी. प्रत्येक चॅनेलचं, म्हणजे स्लॅकवरच्या एकेका विषयाच्या गटाचं, एक फोल्डर आणि त्यात एकेका दिवसाची एकेक फाइल. या फोल्डरांच्या बाहेर ‘यूझर्स’ आणि ‘चॅनेल्स’ अशा फायली सुट्या पडलेल्या असतील, त्या फालतू समजून काढू नका. कारण निरोपावर बोलणाऱ्याचं नाव नसतंच, यू या अक्षराने सुरू होणारा एक क्रमांक असतो. तो कुणाचा, हे ‘यूझर्स’मध्ये मिळतं. ती फाइल गेली तर तुमच्याकडे तीन वर्षांचं बोलणं उरेल आणि बोलणारं कुणीच नाही.

वेळही माणसासारखी लिहिलेली नसते. १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून, तीही ग्रीनिचची, किती सेकंद उलटले तो आकडा असतो. उदाहरणार्थ १७१०१३०५०० असं दिसलं (पुढे टिंब देऊन आणखी सहा आकडे असतात, ते सध्या सोडा), तर त्यात आपले साडेपाच तास म्हणजे १९८०० मिळवायचे, ८६४०० ने भागायचं आणि आलेल्या आकड्यात २५५६९ मिळवायचे. एक्सेलच्या त्या रकान्याला तारखेचं रूप दिलं की ११ मार्च २०२४, सकाळचे पावणेदहा असं दिसेल. १९८०० विसरलात तर तोच निरोप पहाटे सव्वाचारचा निघेल आणि वाचणाऱ्याला वाटेल, या संस्थेत माणसांना झोप देतात की नाही.

पण तुमच्या कामात खरी मेख आहे ती पुढेच. त्यासाठी माझीच एक फजिती सांगते.

मी तेव्हा एका कंपनीत सिस्टीम अ‍ॅडमिन होते. एका शुक्रवारी दुपारी भर कामात एक सर्व्हर बंद पडला, म्हणजे कुणीतरी बंद केला. वरून फर्मान आलं, त्या दिवसाचं चॅट काढून द्या. मी काढलं, वेळेच्या क्रमाने एक्सेलमध्ये लावलं, क्रमांकांच्या जागी नावं घातली, छान रंगीत तक्ता करून साहेबांना पाठवला. त्यात एका ओळीत कुणीतरी विचारलं होतं, ‘तीन नंबर आता बंद करू का?’ आणि लगेच खालच्या ओळीत आमच्यातल्या सगळ्यात नव्या मुलाचं उत्तर होतं: ‘हो, चालेल.’ झालं. तीन दिवस ते पोर मान खाली घालून बसलं. ‘मी असं म्हटलेलं आठवत नाही’ एवढंच म्हणायचं, आणि समोर कागदावर त्याचं नाव, वेळ, सेकंदासकट.

सोमवारी संध्याकाळी मी मूळ फाइल पुन्हा उघडली. त्याच्या ‘हो, चालेल’ला आणखी एक आकडा जोडलेला होता, जो मी रकान्यात घेतलाच नव्हता. स्लॅकवर एखाद्या निरोपाखाली धाग्यात उत्तर दिलं, तर त्या उत्तराला मूळ निरोपाची वेळ चिकटवलेली असते. फाइलमध्ये त्या खुणेचं नाव ‘थ्रेड टीएस’. पोराच्या उत्तराला चिकटलेली वेळ सकाळी अकराची होती. अकरा वाजता एकाने विचारलं होतं, ‘आज वडापाव नको, मिसळ मागवूया का?’

स्लॅकच्या पडद्यावर ते उत्तर मिसळीखालीच दिसत होतं, तिथे कुणाचीही चूक झाली नसती. मी ते बाहेर काढून सपाट केलं आणि सर्व्हरखाली नेऊन ठेवलं. मुलाची माफी मागितली. मिसळ मी दिली. पण तेव्हापासून कुणी ‘फक्त चॅट काढून द्या’ म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो.

तुमच्या बाबतीत याचा अर्थ असा. जून महिन्यात कुणीतरी विचारलं असेल, ‘वरच्या पाड्याचा झरा चालू आहे का?’ आणि उत्तर दुसऱ्या कार्यकर्त्याने आठ दिवसांनी, प्रत्यक्ष जाऊन आल्यावर, त्याच धाग्यात दिलं असेल: ‘नाही, आटला.’ हे उत्तर त्या दिवसाच्या फाइलमध्ये नसेल, आठ दिवसांनंतरच्या फाइलमध्ये असेल, आणि तिथे त्याच्या वरच्या ओळीत भलत्याच गावाची चौकशी चाललेली असेल. तुम्ही फायली तारखेप्रमाणे वाचत गेलात तर चांगला वाहता झरा वहीत आटेल. म्हणून धागे जोडल्याशिवाय एकही नोंद वहीत उतरवू नका.

हाताने जोडायची गरज नाही. ‘स्लॅक-एक्स्पोर्ट-व्ह्यूअर’ नावाचा एक फुकट, मुक्त स्रोत प्रोग्राम आहे. तो तुमच्याच संगणकावर चालतो, झिप त्याला दिली की ब्राउझरमध्ये चॅनेलवार, नावानिशी वाचता येतं. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा येणारा एखादा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी गाठा, त्याचं अर्ध्या तासाचं काम आहे. पुढे सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी मजकुराची फाइल) केलीत आणि एक्सेलमध्ये मराठीचा पुन्हा चुराडा दिसला तर घाबरू नका. फाइलवर दोनदा टिचकी मारून उघडण्याऐवजी ‘डेटा’ मेनूतून आत घ्या आणि भाषेच्या ठिकाणी यूटीएफ-८ निवडा.

फोटोंचं मात्र वाईट आहे. झिपमध्ये फोटो नसतात, फोटोंचे दुवे असतात. बंधाऱ्याला भगदाड पडलेलं दाखवणारा फोटो त्या ड्राइव्हवर नाही, तो स्लॅककडे आहे किंवा होता. दुवे एकेक उघडून बघा, जे उघडतील ते आजच उतरवून घ्या. न उघडलेल्यांसाठी ज्याने फोटो काढला त्याचा फोन हाच आधार. आणि त्या झिपमध्ये फक्त खुली चॅनेल्स असणार. फुकटच्या खात्यातून खासगी चॅनेल आणि दोघांमधलं बोलणं अशा एक्स्पोर्टमध्ये येत नाही, आणि येत नाही ते बरंच आहे.

आता २०२२ नंतरचं. इथे मला गोड बोलता येणार नाही. सप्टेंबर २०२२ पासून स्लॅकच्या फुकट खात्यात शेवटच्या ९० दिवसांचंच दिसतं. आणि २६ ऑगस्ट २०२४ पासून फुकट खात्यातलं एक वर्षापेक्षा जुनं बोलणं नुसतं लपवत नाहीत, पुसून टाकतात. म्हणजे पेन ड्राइव्ह जिथे संपतो तिथपासून ते गेल्या वर्षीच्या या महिन्यापर्यंतचं गेलं. लपलेलं आहे ते फक्त मागचं एक वर्ष. एक महिन्यासाठी पैसे भरून खातं वाढवलंत तर ते दिसू लागेल, तेव्हाच पूर्ण एक्स्पोर्ट करून घ्या. सेवाभावी संस्थांना ते सवलत देतात, आधी अर्ज करून बघा. एक्स्पोर्टचं बटण फक्त मालक किंवा अ‍ॅडमिनला दिसतं, तेव्हा तुमच्या वर्कस्पेसचा, म्हणजे संस्थेच्या स्लॅक खात्याचा, मालक कोण हेही तपासा. बहुतेक तोच शिकायला आलेला मुलगा निघेल. त्याला पत्र लिहा आणि त्याच पत्रात आभार माना, त्याने तुमची तीन वर्षं वाचवली आहेत.

गेलेल्या काळासाठी एक आडवाट आहे. स्लॅकवर कुणी आपल्याला नावाने हाक मारली आणि आपण ते पाहिलं नाही, तर त्याची ईमेल येते आणि तिच्यात निरोपाचा मजकूर असतो. तुमच्यात स्लॅक न उघडणारं एखादं वडीलधारं माणूस असेल तर त्यांच्या मेलबॉक्समध्ये शोधा. आळशी माणसांच्या मेलबॉक्समध्ये मी अनेकदा खजिना पाहिलाय.

वहीबद्दल शेवटचं. माझे वडील तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये होते. रुमालात बांधलेले गठ्ठे आणि त्यांवर अ, ब, क, ड. अ म्हणजे कायमचं, ब तीस वर्षं, क दहा, ड एक वर्ष. कागद आला की आधी तो कशात जाणार ते ठरायचं, मग रुमाल बांधायचा. तुमच्या पेन ड्राइव्हवर ‘उद्या जीप कुठे आहे?’ हेही आहे आणि ‘भिंतीखालून पाणी झिरपतंय, पाया खडकापर्यंत गेला नव्हता’ हेही आहे. पहिलं ड. दुसरं अ, आणि त्याच्यापुढे कुणी, कधी, कुठल्या चॅनेलवर सांगितलं ते लिहून ठेवा, म्हणजे उद्या शंका आली तर मूळ फाइलपर्यंत जाता येईल. पायाबद्दल ज्याने लिहिलं त्याला, वही छापण्याआधी, एकदा दाखवा. चॅनेलवर आपल्या माणसांत बोलणं वेगळं आणि छापून येणं वेगळं.

प्रश्न: मॅडम, माझी शिरोली एमआयडीसीत लहान फाउंड्री आहे. एका गिऱ्हाइकाबरोबर चार वर्षं व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच सगळं चालतं: पीओचा (खरेदीच्या ऑर्डरचा) फोटो, पॅटर्नचे बदल, डिस्पॅच, रिजेक्शन. गेल्या वर्षी स्क्रॅपचा भाव वाढला म्हणून मी किलोमागे दर वाढवून मागितला, त्यांच्या पर्चेसवाल्याने ग्रुपवर ‘ओके, पुढच्या लॉटपासून लावा’ असं लिहिलं. आता बिल अडवलंय, म्हणतात असं काही ठरलंच नव्हतं. वकीलसाहेब म्हणाले, चॅट काढा आणि ‘पासष्ट बी’चं सर्टिफिकेट लागेल. नक्की काय काढू आणि कसं?
(एक फाउंड्रीवाले, कोल्हापूर)

उत्तर: वकीलसाहेबांना नमस्कार सांगा. मी वकील नाही, कागदाची बाजू ते बघतील. मी फोनची बाजू सांगते.

पहिलं म्हणजे तो फोन बदलू नका, रिसेट करू नका, मुलाला गेम खेळायला देऊ नका. ज्या फोनमध्ये ते बोलणं आलं तो फोन हा तुमचा मूळ कागद. एक्स्पोर्ट ही त्याची नक्कल.

ग्रुप उघडून वरच्या तीन टिंबांतून ‘एक्स्पोर्ट चॅट’ दाबलं की एक साधी मजकुराची फाइल मिळते. फोटोंसह काढलंत तर शेवटचे १०,००० निरोप येतात, फोटो सोडून काढलंत तर ४०,०००. चार वर्षांचा रोजचा ग्रुप म्हटल्यावर फोटोंसकटची फाइल तुमच्या तारखेपर्यंत पोचते का ते आधी बघा. म्हणून दोन्ही काढा. फोटोंविना काढलेल्या फाइलमध्ये पीओच्या फोटोच्या जागी ‘मीडिया वगळला’ अशा अर्थाची ओळ असते, आणि न्यायाधीशांना त्या ओळीचा उपयोग शून्य. आवाजी निरोप ओपस नावाच्या फायली म्हणून येतात, त्यांत दराचं बोलणं असेल तर त्या वेगळ्या जपा.

फाइल उघडल्यावर एक गोष्ट लगेच खुपेल. माणसांची नावं तुमच्या फोनमध्ये जशी सेव्ह आहेत तशी येतात. तुम्ही त्यांच्या पर्चेसवाल्याला ‘कटकट पर्चेस’ म्हणून सेव्ह केलं असेल तर कोर्टात प्रत्येक ओळीवर ‘कटकट पर्चेस’ छापून जाईल. हसू नका, मी याहून वाईट नावं पाहिली आहेत. एक्स्पोर्ट करण्याआधी त्या माणसाचं खरं नाव किंवा नुसता नंबर राहील असं करा. एक्स्पोर्ट झाल्यावर मात्र फाइलमध्ये एक अक्षरही दुरुस्त करायचं नाही. वर्डमध्ये उघडून ‘जरा नीट लावून’ सेव्ह करायचं नाही.

का, ते सांगते. १ जुलै २०२४ पासून जुना पुरावा कायदा जाऊन भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ आला. फोनमधला किंवा संगणकातला पुरावा कोर्टात कसा द्यायचा ते सांगणारं त्या जुन्या कायद्यातलं ‘पासष्ट बी’ हे कलम तुमच्या वकिलांच्या तोंडी बसलंय, आमच्याही बसलंय, पण आता ते कलम ६३ आहे. प्रमाणपत्राचा नमुनाही कायद्याच्या जोडपत्रात छापून दिलाय. त्याचे दोन भाग आहेत: एक तुम्ही भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. दोन्हींत फाइलची ‘हॅश व्हॅल्यू’ लिहावी लागते. हॅश म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसा समजा. पूर्ण फाइलवर एक गणित चालवून काढलेली ६४ अक्षर-आकड्यांची ओळ (एसएचए-२५६ या पद्धतीने काढली तर). फाइलमध्ये एक स्वल्पविराम जास्त पडला तरी ओळ पूर्ण बदलते. विंडोजमध्ये ‘सर्टयूटिल’ या आज्ञेने ती निघते, तज्ज्ञाला माहीत असतं. क्रम तेवढा पाळा: एक्स्पोर्ट, त्याच दिवशी हॅश, दोन ठिकाणी कॉपी, आणि वाचायला तिसरी कॉपी.

हे प्रमाणपत्र म्हणजे नुसती वकिली खाचखोच समजू नका. यावरचा गाजलेला निकाल आपल्याच जालन्याचा आहे. २०१४ च्या विधानसभेला तिथे अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. खोतकरांचा उमेदवारी अर्ज मुदतीनंतर दाखल झाला की नाही, यावर हरलेले उमेदवार कैलास गोरंट्याल कोर्टात गेले आणि निवडणूक कार्यालयातलं व्हिडिओ चित्रण हा वादाचा विषय झाला. चित्रणाच्या सीडी होत्या, पण अधिकाऱ्यांनी वारंवार मागूनही प्रमाणपत्र दिलं नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये सांगितलं, मूळ यंत्रच कोर्टात हजर केलं तर वेगळी गोष्ट, नक्कल आणायची तर प्रमाणपत्र हवंच. आणि समोरचा देत नसेल तर कोर्टाकडे अर्ज करून ते मागवता येतं. तुमच्या बाबतीत फोन तुमचा, फाइल तुमची, म्हणजे तुमचा भाग तुम्हीच भरायचा. तुम्ही त्या जालनेकरांपेक्षा सुखात आहात.

त्या ‘ओके’च्या आधीचे आणि नंतरचे निरोप तोडू नका. नुसत्या ‘ओके’चा स्क्रीनशॉट दिलात तर समोरचे म्हणतील, ओके हे डिस्पॅचला होतं. माझी मिसळ आठवा. आणि जाता जाता, वाढीव दराने काढलेलं पहिलं बिल त्यांनी विनातक्रार चुकतं केलं होतं का? असेल तर बँकेची ती नोंद चॅटच्या शेजारी लावा.

प्रश्न: मी हिंजवडीत एका आयटी कंपनीत आहे, नोटीस पिरियडचे वीस दिवस उरलेत. मायक्रोसॉफ्ट टीम्स या ऑफिसच्या चॅटवर सहा वर्षांचं बोलणं आहे. कौतुकाचे निरोप, मी सोडवलेले प्रश्न, शिवाय मॅनेजरने रात्री-अपरात्री टाकलेले काही फार वाईट निरोपही. जाण्याआधी सगळं स्वतःकडे कॉपी करून घेऊ का?
(नाव छापू नये, पुणे)

उत्तर: सगळं? नको.

टीम्समध्ये कर्मचाऱ्यासाठी तसं सरळ बटण नाहीच. बोलणं कंपनीच्या ईमेल यंत्रणेतल्या एका लपलेल्या फोल्डरमध्ये साठतं आणि अ‍ॅडमिन ते ‘ई-डिस्कव्हरी’ने काढतात. कॉपी-पेस्ट करत बसलात तर वीस दिवस त्यातच जातील. शिवाय मालकाच्या परवानगीविना संगणकातली माहिती उतरवून घेणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ मध्ये येतं, आणि ते लबाडीच्या हेतूने केलं असं ठरलं तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद. सोडवलेले प्रश्न तुमच्या डोक्यात आहेत, ते कुणी काढून घेत नाही. कौतुकासाठी त्या माणसांकडे दोन ओळींचं शिफारसपत्र मागा, चॅटमधल्या अंगठ्यापेक्षा ते कामाला येतं.

वाईट निरोपांची गोष्ट निराळी आणि तुम्ही ती पत्राच्या शेवटी दडवून लिहिलीत. नोकरी सुटली की तुमचं खातं बंद होणार. तेव्हा आजच, चालू आहे तोवर, तारीख, वेळ आणि निरोप कशाबद्दल होता एवढं स्वतःच्या वहीत हाताने उतरवा. मग एचआरला ईमेल करा: ‘अमुक व्यक्ती आणि मी यांच्यातलं अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंतचं टीम्सवरचं संभाषण माझ्या तक्रारीसंदर्भात जतन करावे, पुसू नये.’ मराठीत, इंग्रजीत, कसंही. ते जपण्याची जबाबदारी मग त्यांच्या गळ्यात पडते, आणि पुढे पुसलं गेलं तर का पुसलं हे त्यांना सांगावं लागतं. निरोप लैंगिक छळाच्या स्वरूपाचे असतील, तर २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत समितीकडे तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्यायची असते, शेवटच्या प्रसंगापासून मोजून. समितीला कागदपत्रं हजर करायला लावण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत, म्हणजे चॅट काढून आणणं हे समितीचं काम होतं, तुमचं नाही. नोकरी सोडल्यावरही तक्रार देता येते. पुन्हा लिहा, काय झालं ते कळवा. छापणार नाही.

प्रश्न: कळंगुटच्या एका हॉटेलात आमचा ड्यूटीचा ग्रुप आहे. ओव्हरटाइमचा हिशोब काढायला एक्स्पोर्ट करायला गेलो तर फोन करूच देत नाही. फोन बिघडला काय?
(एक वाचक, म्हापसा)

उत्तर: फोन बरा आहे. व्हॉट्सअ‍ॅपने एप्रिल २०२५ मध्ये ‘अ‍ॅडव्हान्स्ड चॅट प्रायव्हसी’ नावाची सोय आणली. ती चालू असली की त्या ग्रुपमधलं कुणालाच बोलणं एक्स्पोर्ट करता येत नाही. ग्रुपच्या नावावर बोट दाबा, ती चालू आहे का दिसेल. अ‍ॅडमिनला थोडा वेळ बंद करायला सांगा. ते नाही म्हणाले तरी ग्रुप वाचता येतोच. रोज ड्यूटी सुटली की आलो-गेलोची वेळ स्वतःच्या डायरीत लिहा आणि महिनाअखेर ती मॅनेजरला दाखवून सही मागा. सही दिली नाही तर त्या तारखेला ‘सही दिली नाही’ असं लिहा. ग्रुपवरचे रोस्टरचे फोटो मात्र आजच गॅलरीत सेव्ह करून ठेवा. ही सोय चालू असताना फोटो आपोआप उतरत नाहीत, एकेक दाबून घ्यावे लागतात.

दुरुस्ती: मागच्या अंकात व्हॉट्सअ‍ॅपच्या एक्स्पोर्ट केलेल्या फाइलचा नमुना छापला होता आणि ‘०३/०४’ म्हणजे ३ एप्रिल असं मी ठासून लिहिलं होतं. न्यू जर्सीहून एका वाचक बाईंनी कळवलंय की त्यांच्या फोनमधून काढलेल्या फाइलमध्ये तेच ४ मार्च होतं. त्यांचं बरोबर आहे. तारीख कशी लिहायची हे त्या फोनच्या प्रदेशाच्या सेटिंगवर ठरतं, अमेरिकी फोन महिना आधी लिहितो. ज्यांच्या ग्रुपमधली माणसं दोन देशांत आहेत त्यांनी फाइल कुणाच्या फोनवरून काढली ते तिच्या नावातच लिहून ठेवावं, आणि १२ च्या पुढचा आकडा कुठल्या जागी येतो ते शोधावं, म्हणजे दिवस कुठला ते कळतं. मागच्या अंकातला तक्ता तेवढा पेनाने दुरुस्त करून घ्या.